वारीत पहिल्यांदा चालताय? आडनाव घरी ठेवून या

ज्येष्ठ महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाला पुणे ते सासवड एकच दिवस चालायचं असतं, कुणी आठ दिवसांची रजा टाकलेली असते, एखादा आळंदी ते पंढरपूर सगळंच चालायचं ठरवून बसलेला असतो. पहिला प्रश्न ठरलेला: बूट कुठले घेऊ? उत्तर एका ओळीचं आहे. जुने, पायाला सवय झालेले. नवे घेतलेत तर दिवेघाटात माझी आठवण काढाल.

वागायचं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते आपल्याला येतंच, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं.

आधी ठरवा, कुणाबरोबर चालणार

ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तुकोबांची त्याच्या आदल्या दिवशी देहूहून. दोन्ही पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. पुढे माउलींची वाट सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर अशी वाखरीपर्यंत जाते. नवखी माणसं बहुतेक याच वाटेने येतात, आणि मलाही हीच माहीत आहे, म्हणून पुढचं सगळं तिथलं समजा.

चालण्याचे दोन प्रकार. एक, दिंडीत, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटात, नाव घालून. दुसरा, कुठल्याच दिंडीत नाव न घालता मोकळं चालायचं. त्या गर्दीला वारीत ‘मोकळा समाज’ म्हणतात. एक दिवस चालणार असाल तर मोकळा समाज ठीक. मुक्काम करायचा असेल तर दिंडी हवी. ओळखीतून दिंडीप्रमुखांचा नंबर मिळतो. फोन करून चार गोष्टी विचारा: भिशी किती, म्हणजे जेवणखाणाची वर्गणी. तंबू की शाळा. बायकांची झोपायची सोय कशी आहे. आणि चौथी जरा धीर करून विचारायची: पंगत एकच बसते ना?

हा चौथा प्रश्न आगाऊ वाटेल. पण समाजशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी सत्तरेक वर्षांपूर्वी वारी केली, तेव्हा त्यांच्या दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकत्र गात चालत आणि जेवायला वेगवेगळे बसत, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. तो काळ गेला, बहुतेक ठिकाणी नक्कीच गेला. तरी प्रश्न विचारला की समोरचा कसा उत्तर देतो त्यावरून दिंडी कळते. माझ्या दिंडीचे प्रमुख हसले आणि म्हणाले, “पंगत एकच, पण वाढायला यावं लागेल.” मी त्याच क्षणी पैसे भरले.

रांगेत कुठे उभं राहायचं

दिंडी म्हणजे नुसता घोळका नव्हे. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यात मृदंग, शेवटी विणेकरी, आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया. ही शिस्त साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी 19व्या शतकात घालून दिली. ते शिंद्यांच्या फौजेतले सरदार, त्यामुळे लष्करी ओळी आल्या. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या असतात, रथामागे शेकडो. प्रत्येकीचा क्रम ठरलेला.

नव्याने आलेल्याने पहिल्या दिवशी विणेकऱ्याच्या मागे, एका कडेने चालावं. टाळकऱ्यांच्या दोन ओळींमधून आडवं जाऊ नका, ते पाऊल खेळत असतात. रस्ता ओलांडायचा असेल तर दिंडी संपू द्या किंवा दोन दिंड्यांमधली फट शोधा. विणेकऱ्याशी वाटेत गप्पा मारायच्या नाहीत. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते तेव्हा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, त्या वेळी दोन पावलं मागे थांबा.

टाळ हातात कुणी दिला तर घ्या. येत नाही म्हणून लाजू नका, शेजाऱ्याच्या हाताकडे बघत वाजवा. पण स्वतःहून मागू नका, दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी देतंच.

‘माउली’ हा शब्द

वारीत सगळ्यांना माउलीच म्हणायचं. पोलिसाला, टँकरवाल्याला, पायावर पाय देणाऱ्याला. “माउली, जरा सरका.” “माउली, पाणी आहे का?” भेटल्यावर आणि निरोप घेताना ‘रामकृष्णहरी’. एवढ्या दोन शब्दांवर अठरा दिवस निघतात.

पहिल्या दिवशी तो शब्द जिभेवर जड जातो. आपल्याला सवय काका, काकू, मॅडम, सर यांची. पण नीट बघितलंत तर आपले नेहमीचे शब्द आधी माणसाचा अंदाज घेतात आणि मग बोलतात. वय किती, लग्न झालंय का, शिकलेला दिसतो का, बाई की बाप्या. माउलीला त्यातलं काहीच लागत नाही. शब्द आईचा, आणि मान मिळाला तो ज्ञानेश्वरांना, एका तरुण पुरुषाला. आमच्या पुढच्या दिंडीत एक तृतीयपंथी वारकरी दरवर्षी तुळस घेऊन चालतात. त्यांना काय म्हणावं असा पेच शहरातून आलेल्या दोघींना पडला होता. मागून एक म्हातारी आली, “माउली, थकला असाल, द्या तुळस जरा वेळ,” म्हणाली आणि घेऊन पुढे गेली.

एक गंमत: म्हाताऱ्या तुम्हाला ‘ए पोरी’, ‘ए बाळा’ असं अरे-तुरेच करतील. तो अपमान नाही. उलट तुम्ही मात्र अहो-जाहोच ठेवा.

आणि पाया पडणं. इथे लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं असा एकेरी मामला नाही, दोघंही वाकतात. सत्तरीचा माणूस तुमच्या पायाला हात लावेल तेव्हा “अहो, नका नका” करत मागे पळू नका. तुम्हीही वाका. माझं पहिल्या वर्षी नेमकं हेच चुकलं. मी मागे सरले आणि ते आजोबा चिखलात गुडघ्यावर आले.

आडनाव

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

पहिल्याच वर्षीची, जेजुरीच्या अलीकडची गोष्ट. पाऊस थांबला होता, रस्त्याच्या कडेला ट्रकच्या सावलीत बसले होते. शेजारच्या बाईंनी फडकं सोडलं, बाजरीची भाकरी मोडली आणि वर ठेचा लावून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी खायला सुरुवात करणार, तेवढ्यात बोलायचं म्हणून विचारलं, “कुठल्या तुम्ही?” गाव सांगितलं त्यांनी. “आणि आडनाव?”

त्यांनी आडनाव सांगितलं. आणि मग त्या माझ्याकडे बघेनात, माझ्या हातातल्या भाकरीकडे बघत राहिल्या.

मी भाकरी खाल्ली. पण ते दोन-तीन सेकंद काय चाललं होतं हे त्यांना कळलं होतं आणि मलाही कळलं. मी काही मनात धरून विचारलं नव्हतं. आपण कधीच धरत नाही. आपल्याकडे ओळख तशीच होते: नाव, आडनाव, गाव, मग “म्हणजे अमक्यांचे का तुम्ही?” पण महाराष्ट्रात आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं, हे ज्यांना आयुष्यभर उत्तर द्यावं लागलंय त्यांना विचारा.

म्हणून वारीत आडनाव विचारू नका. स्वतःचंही सांगत बसू नका. नाव आणि गाव पुरतं. आडून विचारायच्या तऱ्हाही सोडा: “तुमच्यात लग्नात काय करतात?”, “कुलदैवत कुठलं?”, “गावात घर कुठल्या आळीला?” ऐकणाऱ्याला सगळं समजतं. बोलायला विषय हवा असेल तर पाऊस विचारा, पेरणी विचारा, कितवी वारी ते विचारा. कितवी वारी, हा प्रश्न सगळ्यांना आवडतो.

वारीत सगळे सारखे, असं आपण सहज म्हणतो. पंढरपूरच्या देवळापाशी नामदेव पायरीसमोर चोखोबांची, महार जातीतल्या संताची, समाधी आहे. देवळाच्या बाहेर आहे. त्याच देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं. हे अंतर माणसांनी चालून आणि भांडून कमी केलंय. तुमच्या एका चौकशीने ते पुन्हा वाढू नये, इतकीच अपेक्षा.

बायकांशी बोलताना याच जातीचा दुसरा प्रश्न टाळायचा: “मिस्टर काय करतात?” वारीत एकट्या आलेल्या बाया खूप. त्यात कितीतरी विधवा, काही टाकलेल्या, काही नुसत्याच घरातून अठरा दिवस सुट्टी घेतलेल्या. इथे कपाळाला बुक्का लागतो, तो सगळ्यांना सारखाच. फुगडीला हात धरताना कुणी कुणाचं कपाळ बघत नाही. एरवी हळदीकुंकवात मागे उभ्या राहणाऱ्या बाया इथे रिंगणात पहिल्या असतात. त्यांचं ते मोकळेपण आपल्या चौकशीने घालवू नका.

जाताजाता धर्माचंही. तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे आरती होते. वाटेत पाणी, केळी, चहा देणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. “अरे वा, तुम्हीसुद्धा?” असं आश्चर्य दाखवू नका. चहा प्या, रामकृष्णहरी म्हणा, पुढे चला.

पहाटे तीन वाजता

मुक्कामाच्या तळावर पहाटे अडीच-तीनला हालचाल सुरू होते. टँकरपाशी आधी बायका अंघोळी उरकतात, अंधार असेपर्यंत. दोघी जणी लुगडं धरून आडोसा करतात, तिसरी अंघोळ करते, मग पाळी बदलते. नवीन बाईने तिथे जाऊन आधी लुगड्याचं एक टोक धरावं. आपली पाळी आपोआप येते. बादली घेऊन थेट नळाशी जाऊन उभं राहिलात तर कुणी काही बोलणार नाही, पण दिवसभर कुणी बोलणारच नाही.

पुरुषांनी त्या वेळी टँकरच्या बाजूला फिरकू नये. बॅटरी मारू नये. “मी फक्त ब्रश करायला आलो होतो” हे कारण तिथे चालत नाही.

मासिक पाळी आली तर काय, हे बायका मला हळूच विचारतात. आमच्या दिंडीत कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही, बाई चालत राहते. एखादीला स्वतःलाच तुळस घ्यायची नसली तर ती पुढच्या बाईच्या डोक्यावर देते, कारण द्यावं लागत नाही. दुसऱ्या दिंडीत जुनी माणसं कडक असू शकतात. तिथे वाद घालायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्या बाईने काय ठरवावं, यात मात्र पडू नका. कापड, पॅड जास्तीचे ठेवा, रस्त्यावर टाकू नका, फिरत्या शौचालयात तर मुळीच टाकू नका, ती तुंबतात आणि मग सगळ्यांचेच हाल.

फोन

फोटो काढा, कोण नको म्हणतंय. दिवेघाटातली पताकांची रांग बघून माझाही हात खिशात जातो. पण एकट्या माणसाच्या तोंडासमोर फोन धरायचा असेल तर आधी विचारा. “माउली, फोटो काढू का?” बहुतेक जण टोपी सरळ करून उभे राहतात. झोपलेल्यांचे, जेवणाऱ्यांचे, पायाचे फोड फोडणाऱ्यांचे, नदीवर अंग धुणाऱ्यांचे फोटो नाहीत म्हणजे नाहीत. नीरा नदीवर माउलींच्या पादुकांना स्नान असतं, त्या दिवशी हजारो माणसं पाण्यात उतरतात. तिथे दरवर्षी कुणीतरी झूम लावून उभा असतो. आमच्यातल्या एका मावशींना त्यांचा ओल्या लुगड्यातला फोटो नातवाने फोनवर दाखवला, त्याला तो कुठूनसा आला होता. त्या पुढच्या वर्षी नदीत उतरल्या नाहीत. काठावर बसून हातपाय धुतले.

देणारे आणि घेणारे

एक दिवसासाठी येणारे बरेच जण काहीतरी वाटायला घेऊन येतात. बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू, रेनकोट. चांगलंच आहे. फक्त ट्रकवर उभं राहून फेकू नका. खाली उतरा, दोन्ही हातांनी द्या. गावाकडचे लोक कसं देतात ते बघा: देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. “माउली, एवढं घ्या,” अशी विनवणी असते. घेणाऱ्याने उपकार केले, असा त्यातला भाव.

धोतर-टोपी दिसली की माणूस गरीब, असंही धरून चालू नका. ज्याला तुम्ही बिस्किटाचा पुडा देताय त्याची नाशिककडे द्राक्षबाग असेल आणि तुमचा फ्लॅट त्याच्या एका हंगामात येत असेल. ज्याच्याकडे खरंच काही नाही तोही भीक मागायला आलेला नाही. म्हाताऱ्यांना “आजी, गाडीत बसता का?” असं दर तासाला विचारू नका. तीस वाऱ्या केलेल्या बाईला तो प्रश्न लागतो. त्यांच्या चालीने शेजारून चाला, बस. दिसत नसलेला कुणी चालत असेल तर त्याचा दंड पकडून ओढू नका, आपला खांदा पुढे करा आणि खड्डा आला की सांगा.

दिंडीत वाढायला उभं राहायचं ते सगळ्यांनी, पुरुषांनीही. शहरातून आलेली मुलं भांडी घासताना मी पाहिली आहेत, आणि तिथेच पंगतीत बसून “अजून भात आण गं” म्हणणारेही पाहिले आहेत. दुसऱ्या गटातले परत दिसत नाहीत.

आणि रस्त्याकाठची गावं. शाळेचं आवार, कुणाचं अंगण, कुणाचं शेत आपल्याला दिलेलं असतं. उभ्या पिकात बसायला जाऊ नका. पत्रावळी, ग्लास गोळा करूनच तळ सोडायचा. ज्या घरी हातपाय धुतले, त्या घरच्या बाईला नाव विचारून रामकृष्णहरी म्हणून निघा.

कुरबूर झाली तर

होतेच. जागेवरून, पाण्यावरून, कुणी धक्का दिला म्हणून. बाईला कुणी मुद्दाम धक्का दिला तर गप्प बसू नका, तिथल्या तिथे मोठ्याने “ओ माउली!” म्हणा. दहा डोकी वळतात. मग विणेकऱ्याला किंवा दिंडीप्रमुखाला सांगा. रस्त्यात पोलीस आहेतच. पण दिंडीतल्या दिंडीत आवाज चढवून न्याय मागायला जाऊ नका, वारीची स्वतःची रीत आहे.

ती एकदा डोळ्यांनी बघाच. संध्याकाळी तळावर पालखी टेकते, भोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. पालखीची शिस्त राखणारे चोपदार दंड उंच करतात, “होऽऽ” अशी हाक येते, आणि एका क्षणात हजारो टाळ बंद. लहान मूल रडलं तर ऐकू येतं. मग हरवलं-सापडलं वाचतात: चष्मा, पिशवी, दातांची कवळीसुद्धा. उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ थांबवत नाही. सगळा तळ शांत आणि एका कोपऱ्यातून खणखण खणखण. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग तो टाळ थांबतो. त्यानंतरच समाज आरती.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शेजारच्या मुलाने चिडून विचारलं, “हे काय मध्येच वाजवतायत?” एका टाळकऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “त्यांचं ऐकल्याबिगर आरती होत न्हाय, माउली.”

पंढरपुरात

वाखरीहून पुढे गर्दी इतकी होते की दिंडी सुटली तर सापडत नाही. मठाचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा, फोन बंद पडतात. एकादशीला दर्शनाची रांग फार लांब असते. ओळखीने मधे घुसायचा मोह होईल, कुणीतरी पासही देऊ करेल. पायी आलेल्या माणसांच्या पुढे पासावर जाऊ नका. कळसाला हात जोडले, नामदेव पायरीला आणि चोखोबांच्या समाधीला डोकं टेकलं की वारी पोचली, असं मानणारे जुने वारकरी भरपूर आहेत.

निघताना फोन नंबर घ्याल, तेव्हा पुन्हा एकदा आडनावाची अडचण येते. फोनमध्ये नाव काय घालायचं? माझ्याकडे ‘माउली नेवासा’ आहेत, ‘माउली तंबूचा दोर’ आहेत, ‘माउली ठेचा’ आहेत. त्या ठेचावाल्या बाईंचं आडनाव मला माहीत आहे, पण फोनमध्ये ते नाही. मृगात त्यांच्याकडे पाऊस पडला की त्यांचा फोन येतो. यंदा आधीच आलाय. “बूट जुनंच आण,” म्हणाल्या.